मानसिक आजारासोबत इतर आजार असणाऱ्या रुग्णाच्या उपचारांची सांगड कशी घालावी

बीड जिल्ह्यातील एका ऊसतोड कुटुंबाचे उदाहरण घेऊ. हे कोणा एकाचे घर नाही. मराठवाड्यात आरोग्याचे काम करणाऱ्यांना ओळखीची वाटेल अशा अनेक घरांच्या परिस्थितीवरून ते रचले आहे. घरातील कर्ता पुरुष पंचेचाळिशीचा असून त्याला बऱ्याच वर्षांपासून द्विध्रुवीय मनोविकार आहे. काही आठवडे झोप नाही, अखंड बडबड आणि उधळपट्टी, तर पुढचे काही महिने अंथरुणातून उठण्याचीही इच्छा नाही, असे त्याचे स्वरूप आहे. त्यासाठी अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून लिथियम आणि हॅलोपेरिडॉल चालू आहे. गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी खासगी डॉक्टरांनी मधुमेहाचे निदान करून ग्लिमेपिराइड सुरू केले. यंदा खोकला हटेना म्हणून थुंकी तपासली तेव्हा क्षयरोग निघाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्याची औषधे मिळू लागली. कंबर दुखते म्हणून तो मेडिकलवरून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून घेतो. संध्याकाळी दारू असते. दिवाळी झाली की हे जोडपे टोळीबरोबर कारखान्यावर जाते.

यातील प्रत्येक डॉक्टरने आपापल्या जागी योग्य औषध दिले आहे. तरीही ही औषधे एका शरीरात एकत्र आली की वेगळाच परिणाम होतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधामुळे यकृत इतर औषधे जास्त वेगाने निकामी करू लागते, त्यामुळे हॅलोपेरिडॉल आणि ग्लिमेपिराइड ही दोन्ही औषधे नेहमीपेक्षा लवकर निष्प्रभ होतात, म्हणजे एकीकडे मन अस्थिर होते आणि दुसरीकडे साखर चढते. डायक्लोफेनॅकमुळे मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडण्याचे प्रमाण घटते, आणि त्यात उन्हातील घाम व अपुरे पाणी यांची भर पडली की रक्तातील लिथियम विषारी पातळीपर्यंत जाऊ शकते. घरच्यांना मात्र एवढेच दिसते की इतकी औषधे चालू असूनही माणूस बिघडतच चालला आहे. मग ‘गोळ्यांनी उष्णता झाली’ म्हणून सगळीच औषधे बंद केली जातात.

अशा रुग्णासाठी आणखी एक नवा डॉक्टर शोधण्याआधी, चालू असलेले सगळे उपचार ज्याला ठाऊक आहेत असा एक माणूस आणि ते जिच्यात लिहिलेले आहेत अशी एक वही उभी करणे जास्त उपयोगाचे ठरते, असे माझे ठाम मत आहे. ती कशी उभी करावी, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: जबाबदारी एका नावावर आणणे

‘आम्ही सगळे लक्ष देतो’ असे जिथे सांगितले जाते, तिथे प्रत्यक्षात तारखा चुकतात. म्हणून घरातील एक आणि आरोग्य यंत्रणेतील एक अशी दोन नावे पहिल्याच दिवशी ठरवावीत. घरातील व्यक्ती शिकलेलीच असावी असे नाही. ती रुग्णाच्या विश्वासातली आणि वर्षातील बहुतेक दिवस त्याच्याजवळ राहणारी असावी. पत्नीवर हे काम आपोआप येऊन पडते. ती स्वतः पहाटेपासून फडात राबत असेल, तर दहावी-बारावीला असलेल्या मुलीला किंवा गावात राहणाऱ्या भावाला वहीचे आणि फोनचे काम देऊन तिचा भार हलका करावा.

यंत्रणेच्या बाजूने आशाताई, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील सामाजिक कार्यकर्ता यांपैकी कोणी तरी असावे. या कार्यक्रमाचे पथक जिल्हा रुग्णालयात असते. त्यात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका यांची पदे असतात आणि पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत जाते. आपल्या तालुक्याचा वार कोणता, हे जिल्हा रुग्णालयात विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. महिन्यातून एकदा जवळच्या ठिकाणी तपासणी होणार असेल, तर दीडशे किलोमीटरचा प्रवास आणि एक दिवसाची मजुरी वाचते, आणि बहुतेक वेळा औषध तेवढ्यामुळेच चालू राहते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम १४ नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. त्यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरेसा असतो. प्रतिनिधी सज्ञान आणि राजी असला पाहिजे. वही मुलीकडे असली तरी ती अठरा वर्षांखालील असेल, तर प्रतिनिधी म्हणून दुसऱ्याचे नाव द्यावे. हा कागद रुग्ण स्थिर असतानाच करावा. आजार उसळल्यावर कोणाचे ऐकायचे यावरून भावाभावांत वाद होतात, आणि त्या वेळी रुग्णाची स्वतःची इच्छा विचारण्याची वेळ निघून गेलेली असते.

दुसरी पायरी: सगळी औषधे एका पिशवीत, सगळी माहिती एका वहीत

घरातील प्रत्येक गोळी, बाटली, चूर्ण आणि काढा एका पिशवीत भरून आणायला सांगावे. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले तर लोक फक्त मोठ्या दवाखान्याची औषधे सांगतात. झोप यावी म्हणून शेजाऱ्याकडून घेतलेली गोळी, मेडिकलवरची वेदनाशामक गोळी आणि गावातल्या वैद्याची पुडी यांना कोणी औषध समजत नाही, म्हणून पिशवीच पाहावी लागते.

पिशवीत हमखास सापडते ती अर्धी कापलेली पट्टी. मेडिकलवाला सात गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा बऱ्याचदा त्याच्याकडेच राहतो. घरात येतात त्या नाव नसलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या गोळ्या. नाव असलेल्या बाजूने पट्टी कापून देण्याचा आग्रह धरावा, आणि तरीही नाव मिळाले नाही तर गोळ्या कागदी पाकिटात घालून त्यावर औषधाचे मूळ नाव आणि वेळ लिहून घ्यावी. मूळ नाव म्हणण्याचे कारण असे की कंपनीचे नाव दुकानागणिक बदलते आणि त्यामुळे तेच औषध दोनदा घेतले जाण्याचा धोका राहतो.

वही साधी शंभर पानी चालते. पहिल्या पानावर नाव, वय, आभा क्रमांक (शासनाचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक), निक्षय क्रमांक (क्षयरुग्ण म्हणून झालेल्या शासकीय नोंदणीचा क्रमांक), प्रतिनिधीचा फोन आणि कोणत्या औषधाने पूर्वी त्रास झाला होता ते लिहावे. दुसऱ्या पानावर चालू औषधे लिहावीत: औषध, मात्रा, वेळ, कोणी दिले, कशासाठी आणि कधीपासून. औषध बंद झाले तर ते खोडून टाकू नये. बंद केल्याची तारीख आणि कारण समोर लिहावे, कारण पुढच्या डॉक्टरला सर्वात जास्त उपयोग या कारणाचाच होतो. त्यापुढची पाने तपासण्यांसाठी ठेवावीत. लिथियम घेणाऱ्याची रक्तपातळी शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी घेतलेल्या रक्तावरून पाहतात, तेव्हा सकाळची गोळी तपासणीनंतर घ्यावी. याच रुग्णाची मूत्रपिंड आणि थायरॉइडचीही तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. ओलांझापिनसारख्या औषधाने वजन आणि साखर वाढते, म्हणून महिन्याचे वजन नोंदवावे. क्लोझापिन घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशींची तपासणी सुरुवातीचे अठरा आठवडे दर आठवड्याला करणे आवश्यक असते. रुग्ण प्रसूतिक्षम वयाची स्त्री असेल आणि तिला व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर गर्भाला धोका असल्यामुळे मूल हवे की नको हा विषय डॉक्टरांपुढे काढणे टाळू नये. मात्र गोळी परस्पर बंद करू नये.

वहीच्या प्रत्येक नव्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. वही पावसात भिजते, एसटीत विसरते, फोटो राहतो.

तिसरी पायरी: आधी जिवाचा धोका पाहणे

इतर सर्व नियोजनाच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: मरणाचे विचार येतात का, दारू रोज आणि किती, आणि घरात कोणाला मारहाण होते का. मरणाबद्दल सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधे सहज हाताशी असतात आणि आवेगाच्या त्या काही मिनिटांत हाताशी काय आहे यावर जीव अवलंबून असतो. म्हणून ही औषधे घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे अशी ठेवावीत, किंवा हंगाम संपताच उरलेली परत करावीत. लिथियमचाही मोठा साठा रुग्णाच्या हाती ठेवू नये. विष पोटात गेल्याचा नुसता संशय आला, तरी उलटी करवण्यात वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली सोबत न्यावी. पोलीस केस होईल या भीतीने लोक उशीर करतात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिच्यावर त्याबद्दल खटला चालवून शिक्षा करता येत नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

दारूबाबत एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका दिवसात दारू सोडली, तर पहिल्या दिवशी हातपाय थरथरतात व घाम फुटतो, दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास व ताप अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. एकादशीला माळ घालून दारू सोडणे ही आपल्याकडची मोठी ताकद आहे आणि ती वाया जाऊ देऊ नये; परंतु माळ घालण्याच्या आधी डॉक्टरांना भेटावे, पहिला आठवडा औषधांच्या आधाराने आणि गरज असेल तर रुग्णालयात काढावा, आणि थायमिन म्हणजे जीवनसत्त्व बी-१ सुरू करून घ्यावे. व्यसनमुक्ती केंद्र निवडताना तिथे मनोविकारतज्ज्ञ येतात का आणि रुग्णाची लिथियमसारखी औषधे चालू ठेवली जातात का, हे दोन प्रश्न विचारावेत. ‘इथे सगळ्या गोळ्या बंद’ असे उत्तर देणाऱ्या ठिकाणी अशा रुग्णाला ठेवू नये.

चौथी पायरी: डॉक्टरांना एकमेकांशी जोडणे

डॉक्टर एकमेकांना फोन करतील अशी अपेक्षा ठेवून चालत नाही. शंभर-सव्वाशे रुग्णांच्या ओपीडीत ते घडणे कठीण असते. त्याऐवजी अर्ध्या पानाची चिठ्ठी न्यावी आणि खालचे अर्धे पान उत्तरासाठी कोरे सोडावे. मजकूर असा असावा:

‘मा. वैद्यकीय अधिकारी यांस. हा रुग्ण द्विध्रुवीय मनोविकारासाठी लिथियम आणि हॅलोपेरिडॉल रोज घेतो. मात्रा व शेवटची लिथियम पातळी मागील पानावर आहे. आपल्याकडून क्षयरोगाची औषधे सुरू झाल्यापासून झोप कमी झाली असून साखर वाढली आहे. कंबरदुखीसाठी तो डायक्लोफेनॅक घेत होता. कृपया दोन बाबी लिहून द्याव्यात: १. रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत हॅलोपेरिडॉल व मधुमेहाच्या औषधात बदल हवा का? २. लिथियम घेणाऱ्यास वेदनेसाठी कोणते औषध चालेल?’

चिठ्ठीत लक्षणांचे लांबलचक वर्णन नको, दोन नेमके प्रश्न हवेत. प्रश्न नेमका असला की उत्तरही मिळते. क्षयरोगाचा उपचार संपण्याच्या सुमारास हीच चिठ्ठी पुन्हा न्यावी, कारण रिफाम्पिसिन थांबल्यावर पुढील काही आठवड्यांत इतर औषधांची रक्तातील पातळी वर जाते आणि वाढवलेली मात्रा आता जास्त होऊ शकते. औषधप्रतिरोधक क्षयरोगासाठी सायक्लोसेरिन दिले जात असेल, तर त्यानेच नैराश्य किंवा भ्रम निर्माण होऊ शकतो; अशा वेळी रुग्णाचा जुना मानसिक आजार क्षयरोग विभागाला पहिल्या दिवशीच कळला पाहिजे.

माहिती कोणाला किती सांगायची हे रुग्णाने ठरवायचे असते. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात चार गावकऱ्यांसमोर ‘डोक्याच्या गोळ्या चालू आहेत ना?’ असे विचारले गेले, तर तो माणूस पुन्हा त्या केंद्राची पायरी चढत नाही. वहीच्या वरच्या पुठ्ठ्यावर आजाराचे नाव लिहू नये.

पाचवी पायरी: कोयता (ऊसतोडीची जोडी) निघण्याआधीची तयारी

मराठवाड्यातील नियोजन या पायरीवर बहुधा कोसळते. दसऱ्याच्या सुमारास उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतली जाते आणि टोळी एकदा निघाली की मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. कामाचा खाडा झाला तर जोडीच्या हिशेबातून पैसे कापले जातात, म्हणून दवाखान्यासाठी सुट्टी घेणे कोणालाच परवडत नाही. तेव्हा सप्टेंबरमध्येच पुढील कामे उरकावीत.

मनोविकारतज्ज्ञांना परगावी जाण्याची तारीख सांगून जास्तीत जास्त किती दिवसांची औषधे एकदम देता येतील हे विचारावे; ही औषधे पत्नीच्या ताब्यात राहावीत. निघण्यापूर्वी लिथियम पातळी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि साखर तपासून घ्यावी. क्षयरोगाचा उपचार चालू असेल तर निक्षय क्रमांकाच्या आधारे तो कारखान्याजवळच्या शासकीय केंद्राकडे वर्ग करून घ्यावा. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून मिळणारे दरमहा १,००० रुपये योग्य बँक खात्यावर येत आहेत ना, हेही तेव्हाच पाहावे. गोळ्या विसरणाऱ्या रुग्णासाठी दोन ते चार आठवड्यांनी द्यायचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन योग्य ठरेल का, हे विचारता येते. मात्र ते कारखान्याच्या परिसरात कोण देणार हे ठरल्याशिवाय सुरू करू नये.

फडातील पाणी ही औषधाइतकीच महत्त्वाची बाब आहे. लिथियम घेणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, मीठ अचानक कमी करू नये, आणि जुलाब-उलट्या लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून गोळीबाबत निर्णय घ्यावा. हात जोरात थरथरणे, चालताना तोल जाणे, बोलणे जड होणे, उलट्या आणि गुंगी ही विषबाधेची लक्षणे आहेत. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, असा माणूस दिसला की ‘आज जास्त झाली वाटते’ असे समजून झोपू दिले जाते. पत्नीला आणि टोळीतील आणखी एका विश्वासू जोडप्याला हा फरक दाखवून द्यावा: दारूचा वास नसताना तोल जात असेल, तर रात्रच असली तरी रुग्णालय गाठायचे. गावी परतल्यावर मे महिन्याच्या उन्हाचीही वेगळी काळजी घ्यावी लागते, कारण मनोविकारावरील काही औषधे, विशेषतः ट्रायहेक्सिफेनिडिल, घाम येणे कमी करतात आणि उष्माघाताचा धोका वाढवतात. निर्जळी उपवास किंवा रोजे ठेवायचे असतील तर गोळ्यांच्या वेळा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

मुकादमाला आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही. ‘याला रात्रपाळीची गाडी भरायला लावू नका, झोप मोडली की तब्येत बिघडते’ एवढे सांगणे पुरते, आणि ते खरेही आहे: द्विध्रुवीय आजारात सलग झोपमोड अतिउत्साहाचा झटका आणू शकते. परगावी अडचण आली तर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतून बोलता येते. तो फोनमध्ये साठवण्यापुरता न ठेवता निघण्याआधी एकदा लावून पाहावा.

सहावी पायरी: देवऋषी, अंगात येणे आणि साखळदंड

‘बाहेरचे झाले आहे’ असे घरातील आजी म्हणत असेल, तर तिच्याशी वाद घालून काही साधत नाही. देवाला जायचे तर जावे, नवस फेडावा, दर्ग्यावर चादर चढवावी, मात्र गोळीची एकही वेळ चुकवू नये, या अटीवर बहुतेक घरे तयार होतात. रुग्णाला बांधणे, मारणे, धुरी देऊन गुदमरवणे याला मात्र कोणत्याही परिस्थितीत होकार देऊ नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधून मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मानसिक रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ नेही मनाई आहे.

सातवी पायरी: भरती आणि घरी परत

राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळे भरतीची वेळ आली तर आधी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांचा विचार करावा. मधुमेह आणि क्षयरोग असणाऱ्या रुग्णाला सर्व विभाग एका आवारात असलेले रुग्णालय जास्त सोयीचे पडते. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावरून कलम ८९ नुसार तीस दिवसांपर्यंत भरती करता येते.

घरी सोडण्याचा दिवस भरतीच्या दिवसापेक्षा जास्त जोखमीचा मानावा. पुढील उपचार काय असतील हे रुग्ण, प्रतिनिधी आणि ज्यांच्याकडे तो राहणार आहे त्यांच्याशी बोलून ठरवावे, अशी तरतूद कलम ९८ मध्ये आहे, तेव्हा ‘कागद काउंटरवर मिळेल’ यावर समाधान मानू नये. तीन गोष्टी विचारून वहीत लिहाव्यात: कोणते औषध नवे सुरू झाले व कोणते बंद झाले, पहिली तपासणी कोणत्या तारखेला व कुठे, आणि कोणती लक्षणे दिसल्यास वाट न पाहता यायचे. घरी आल्यापासून एका आठवड्याच्या आत आशाताईंनी किंवा आरोग्य अधिकाऱ्याने घरी जाऊन पिशवी पुन्हा तपासावी. भरतीपूर्वीच्या जुन्या गोळ्या घरात तशाच असतात आणि जुन्या-नव्या दोन्ही सुरू होतात, हे फार वेळा घडते.

आठवी पायरी: कागदपत्रे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील एकवीस प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे. आजार दीर्घकालीन असेल तर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील तपासणीला जावे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास बहुतेक योजनांचा मार्ग खुला होतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. तपासणीच्या दिवशी जुने केसपेपर मागतात, आणि तिथे वहीचा पुन्हा उपयोग होतो. जमिनीच्या वाटणीत किंवा पोटगीच्या प्रकरणात रुग्णाची अडवणूक होत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्याचा क्रमांक १५१०० आहे.

नववी पायरी: महिन्याची बैठक आणि वही सोपवणे

महिन्यातून एकदा, शक्यतो तपासणीच्या आदल्या संध्याकाळी, रुग्ण, घरातील जबाबदार व्यक्ती आणि आशाताई यांनी अर्धा तास बसावे. रुग्णाला आधी बोलू द्यावे. त्याला गोळ्यांचा कोणता त्रास सर्वात जास्त होतो, हे कळले नाही तर त्या तो गुपचूप टाकून देतो. लैंगिक तक्रारी, सुस्ती आणि वजन यांबद्दल पुरुष पत्नीसमोर बोलत नाहीत, म्हणून पाच मिनिटे एकट्याशी बोलावे. त्यानंतर पत्नीलाही स्वतंत्रपणे विचारावे की तिची झोप कशी आहे, तिच्यावर हात उचलला गेला का, आणि तिला स्वतःला उपचाराची गरज आहे का. तिच्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. ती कोसळली तर वही, गोळ्या आणि तारखा सगळेच थांबते.

जबाबदार व्यक्ती कायम राहत नाही. मुलगी लग्न होऊन सासरी जाते, भाऊ पुण्याला कामाला जातो, आरोग्य अधिकाऱ्याची बदली होते. अशा वेळी जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोघांनी मिळून रुग्णासोबत एक तपासणी करावी, नव्या व्यक्तीची डॉक्टरांशी समोरासमोर ओळख करून द्यावी, रुग्णाची संमती नव्याने लिहून घ्यावी, आणि पहिल्या पानावरील जुन्या नावाखाली नवे नाव, फोन आणि तारीख लिहून त्याचा फोटो आरोग्य केंद्राला, मनोविकार विभागाला आणि खासगी डॉक्टरांना त्याच दिवशी पाठवावा.